कप्तानाच्या पाठीवरचं भोक

देल्फिना तांगेत्ती इटलीतल्या पिएवे गावच्या शस्त्रसंग्रहालयात लागली ती फरशी पुसायला. साल एकोणीसशे ब्याऐंशी, तिचं वय अठ्ठावीस. सोळाव्या वर्षापासून ती बंदुकीच्या नळ्या घासायच्या कारखान्यात होती, आणि तो कारखाना नुकताच बंद पडला होता. त्या खोऱ्यात लोखंडाशिवाय दुसरं कामच नाही; बाप नळ्या घासायचा, भाऊ नळ्यांना भोकं पाडायचा, ती नळ्या चकचकीत करायची. तेव्हा जुन्या तलवारी आणि चिलखतं असलेल्या वाड्यात बादली घेऊन शिरताना तिला फार काही वेगळं वाटलं नाही. एवढंच, की इथलं लोखंड विकायला नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात तिला बोलणी बसली. भाल्यांच्या रांगेखालची फरशी पुसता पुसता ती एका पात्याशी थांबली, पात्यावर बोटाचं पेर फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. मागून आवाज आला, "हात लावू नको. घामानं गंजतं."

बोलणारा होता फेर्मो झुबानी. संग्रहालयाचा राखणदार, लोहार, सुतार, सगळं तोच. गाव त्याला मास्तर म्हणायचं. डावखुरा, बुटका, आणि कमी बोलणारा.

"गंजलंयच ते," देल्फिना म्हणाली. "खालून. वरून दिसत नाही, पण वास येतो."

मास्तरनं ते पातं दांड्यातून सुटं केलं. पात्याच्या खोबणीत तांबडा भुगा साठला होता. त्यानं एकदा पात्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि निघून गेला. वर्षभरात फरशीला दुसरी बाई मिळाली आणि देल्फिनाच्या हातात तेलाची चिंधी आली.

पुढे सव्वीस वर्षं तिचं तेच काम. चारशे बारा वस्तू. तलवारी, परशू लावलेले भाले, पेटत्या वातीनं उडणाऱ्या तोड्याच्या बंदुका, शिरस्त्राणं, कड्यांची चिलखतं, पत्र्याची चिलखतं. मास्तरनं तिला शिकवलं: तेल इतकंच लावायचं की चिंधीला वाटावं आपण कोरडीच आहोत. गंज हाडाच्या पट्टीनं उचलायचा, लोखंडानं कधीच नाही. आणि एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायचा. दुरुस्ती करायची तर दिसेल अशी करायची. शंभर वर्षांनी जो कोणी ही वस्तू हातात घेईल त्याला कळलं पाहिजे, जुनं कुठलं आणि आपण केलेलं कुठलं. ते लपवलं तर तो खोटेपणा. एकदा एका पट्ट्याची नवी रिबिट तिनं हौसेनं काळी करून जुन्यासारखी दिसेल अशी बसवली, तर मास्तरनं ती काढायला लावली आणि दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

संग्रहालयाची शान म्हणजे कप्तान लान्फ्रांकोचं काळं चिलखत. पिएवेत असा माणूस सापडणार नाही ज्याला कप्तानाची गोष्ट ठाऊक नाही. पाचशे वर्षांपूर्वी फ्रेंच फौज खोरं जाळत वर आली, तेव्हा बायकामुलं डोंगरात पोचेपर्यंत कप्तान एकटा पुलावर उभा राहिला, शत्रूकडे तोंड करून, आणि तिथंच पडला. छातीच्या पत्र्यावर दोन खोल पोचे आहेत. शाळेची पोरं आली की बाई त्यांना ते पोचे दाखवायच्या. दर जुलैत मिरवणूक निघायची. गेली एकोणीस वर्षं कप्तान व्हायचा देल्फिनाचा थोरला भाऊ ओत्तोरिनो, टिनाचं चिलखत घालून, भाड्याच्या घोड्यावर बसून. पोट सुटल्यापासून चिलखत मागून दोरीनं बांधावं लागे.

देल्फिनाला त्या चिलखताची एक खोड माहीत होती. काळ्या रंगाखाली दर दोन वर्षांनी गंजाचे पुरळ उठत. खांद्यावर, कमरेवर, गळ्याशी. पण पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, नाण्याएवढी एक जागा होती, तिथं कधी काही उठत नसे. तिला वाटायचं, तेवढं लोखंड चांगलं लागलं असावं.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये कप्तानाचं चिलखत दुसऱ्या शहरात प्रदर्शनाला न्यायचं ठरलं. पेटीत भरायच्या आधी ते लाकडी पुतळ्यावरून उतरवून आतून-बाहेरून तपासून लिहून घ्यायचं होतं. एकोणीसशे एकसष्ट साली संग्रहालय उघडलं तेव्हा मास्तरनं ते त्या पुतळ्यावर स्क्रूनं पक्कं केलं होतं. त्यानंतर कुणी ते उतरवलं नव्हतं. संचालिका होत्या लिव्हिया पासेरिनी, चाळिशीच्या, मिलानहून आलेल्या, शिकलेल्या बाई म्हणून गाव त्यांना दोत्तोरेस्सा म्हणे. चिलखत उतरवायचा दिवस मंगळवार होता, संग्रहालय बंद होतं. दोघींनी मिळून स्क्रू काढले, छातीचा पत्रा उचलून टेबलावर ठेवला, मग पाठीचा. देल्फिनानं तो उलटा केला.

आतली बाजू काळी केलेली नव्हती. उघडं, तपकिरी लोखंड. आणि मधोमध, त्या नाण्याएवढ्या जागी, लोखंड पाकळ्यांसारखं आत वळलं होतं. पाकळ्या ठोकून सपाट केल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध करड्या धातूचा एक गोळा बसला होता.

देल्फिनाला कळायला वेळ लागला नाही. असली भोकं तिनं शेकडो पाहिली होती. पत्र्याच्या ज्या बाजूनं गोळी आत जाते त्या बाजूला कड गुळगुळीत असते, आणि जिथून बाहेर पडते तिथं पाकळ्या होतात. इथं पाकळ्या आत होत्या. गोळी मागून आली होती.

"हे काय आहे?" दोत्तोरेस्सानं विचारलं.

"पाठीत मारलाय," देल्फिना म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"आणि नंतर कोणीतरी बुजवलंय."

"कथील आहे. कथील गंजत नाही." हे बोलताना तिनं भिंग जवळ ओढलं. कथलाच्या गोळ्यावर कानशीचे बारीक ओरखडे होते. सगळे उजवीकडून डावीकडे, खालच्या अंगाला कललेले. अशी कानस चालवणारा एकच माणूस तिला ठाऊक होता. त्याच्या शेजारी बाकावर बसून ती बारा वर्षं शिकली होती.

ती खुर्चीत बसली. दोत्तोरेस्सानं पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं नाही. कप्तान पळताना मेला असेल, हा धक्का तिला त्या घडीला जाणवलाही नाही. तिला फक्त ते ओरखडे दिसत होते.

---

मास्तर तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचा होता आणि चर्चच्या जोगिणी चालवतात त्या वृद्धाश्रमात राहायचा. लग्न केलं नव्हतं, मागे कुणी नव्हतं. देल्फिना दर गुरुवारी जाई, त्याच्यासाठी कडक टोस्ट आणि तंबाखू घेऊन. त्या दिवशी मंगळवार असून ती गेली. तो खिडकीशी एकटाच पत्ते लावत बसला होता.

"आज वार चुकलीस," तो म्हणाला.

"मास्तर, आज कप्तानाचा पाठीचा पत्रा उतरवला."

त्याचा हात पत्त्यावरच थांबला. "कशाला उतरवलात?"

"प्रदर्शनाला जाणार आहे."

"मग दिसलं असेल तुला."

तिनं मनाशी ठरवलं होतं, तो नाही म्हणेल, मग आपण ओरखड्यांचं सांगू. तो नाही म्हणालाच नाही. ती उभीच होती, कोटाची बटणंही काढली नव्हती.

"तुम्ही केलंत?"

"दुसरा कोण करणार? गावात कथील ओतणारा तेव्हा होता कोण?"

"मला सव्वीस वर्षं सांगत आलात, लपवायचं नाही म्हणून. रिबिट काळी केली तर दोन दिवस तोंड फिरवून बसलात. आणि स्वतः..."

"स्वतः केलं होतं, म्हणून तर सांगत होतो," मास्तर म्हणाला. "बस. डोक्यावर उभी राहू नको."

ती बसली. त्यानं पत्ते गोळा केले, कडा जुळवल्या.

"चौकातल्या फलकावर नावं किती आहेत?"

"कुठल्या फलकावर?"

"युद्धात गेलेल्या पोरांच्या. तू दर एप्रिलला फुलं वाहतेस ना?"

"अकरा."

"त्यात झुबानी वाचलंयस कधी?"

देल्फिनानं मनातल्या मनात नावं म्हणून पाहिली. लहानपणापासून पाठ होती. बापाचा हात धरून ती तिथं जायची. बाप एजिदियो त्या पोरांच्याच टोळीत होता, डोंगरात लपून फॅसिस्टांशी लढलेला, आणि टोळीचा चिटणीस. अकराही नावं तिनं म्हटली. झुबानी नव्हतं. मास्तरचा भाऊ बोर्तोलो लढाईत गेला हे तिला माहीत होतं, आणि तो फलकावर नाही हे पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"पंचेचाळीसचा जानेवारी," मास्तर सांगू लागला. "चेस्टनटच्या रानात दोन झोपड्या होत्या. खालच्या झोपडीत दोन पोरं झोपलेली, बाहेर बोर्तोलो पहाऱ्यावर. वरच्या झोपडीत बाकीची टोळी. पहाटे फॅसिस्ट आले. खालची दोन्ही पोरं मारली. बोर्तोलो सापडला दोनशे पावलं वर, बर्फात पालथा. गोळी पाठीत. मी सोळा वर्षांचा. लाकडं ओढायच्या घसरगाडीवर घालून मीच त्याला खाली आणला. आईनं त्याचा सदरा धुतला. पाठीला भोक, छातीला काही नाही. ज्यानं कोणी तो सदरा दोरीवर पाहिला त्यानं गावभर सांगितलं, पहारा सोडून पळाला."

"वर चालला होता ना? वर तर बाकीचे होते."

"होते. त्यांना सांगायला चालला होता, की जीव वाचवायला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. तो मेला. त्या बंदुकीच्या आवाजानं वरचे जागे झाले आणि निसटले, एवढं खरं."

वरच्या झोपडीतून निसटलेल्यांत देल्फिनाचा बाप होता. ती गोष्ट घरात हजारदा सांगितली गेली होती, बर्फातून अनवाणी पळाल्याची. त्या गोष्टीत बंदुकीचा आवाज असायचा. बोर्तोलो कधीच नसायचा.

"नाव कोणी वगळलं?" तिनं विचारलं. उत्तर तिला कळून चुकलं होतं, तरी विचारलं.

"यादी तुझ्या बापानं केली. आधी बारा लिहिली होती. मग त्या दोन पोरांच्या आया त्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या पोरांच्या शेजारी त्याचं नाव नको म्हणून. तुझ्या बापानं खोडलं. मला बोलावून सांगितलं, फेर्मो, समजून घे."

"घेतलंत?"

"नाही."

बाहेरच्या पडवीत कोणीतरी जेवणाच्या थाळ्या मांडत होतं. देल्फिनाला उठून जावंसं वाटत होतं.

"आणि हे मनात ठेवून मला कामावर घेतलंत?"

"गंजाचा वास ओळखणारं माणूस मला वीस वर्षांत दुसरं भेटलं नव्हतं. तुझ्या बापाला मधे आणून काय करू?"

मग त्यानं एकसष्ट सालचं सांगितलं. चर्चच्या माळ्यावरून चिलखत खाली आणलं, काजळीनं माखलेलं. त्यानं एकट्यानंच साफ केलं. पाठीचा पत्रा उलटला, तर भोक.

"मला इतका आनंद झाला की मी जमिनीवरच बसलो," तो म्हणाला. "सोळा वर्षं ज्याची वाट बघत होतो ते हातात आलं होतं. म्हटलं, चौकात नेऊन ठेवतो, त्या फलकाखाली. बघा म्हणावं, तुमच्या कप्तानालाही पाठीतच गोळी लागलीय. काढा त्याचंही नाव. दोन दिवस कपाटात ठेवला. सुचेना काही. तिसऱ्या दिवशी त्या भोकात बोट घातलं, आरपार गेलं. आणि मला ऐकू यायला लागलं, हे गाव आता काय काय बोलेल ते. पळपुटा. भित्रा. सगळे तेच शब्द, मी ऐकलेले. ज्याला कधी बघितलं नाही अशा एका माणसाच्या पाठीमागे मला ते पुन्हा ऐकायचे नव्हते. मग कथील तापवलं."

उठताना देल्फिनानं त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. घरी चालत जाताना ती चौकातून गेली नाही, नदीकाठच्या लांबच्या वाटेनं गेली.

---

तरी तिला खात्री करून घ्यायची होती. म्हातारा माणूस, आठवण चुकली असेल, असंही मनात येऊन गेलं. बापाची पत्र्याची पेटी ओत्तोरिनोच्या घरी होती. रविवारी ती त्याच्याकडे जेवायला गेली. वहिनी नोएमीनं मक्याच्या पिठाचा पोलेंटा आणि सळईवर भाजलेलं मांस केलं होतं. देल्फिनानं ताटात नुसता काटा फिरवला.

"बाबांची पेटी कशाला हवी तुला?" ओत्तोरिनोनं विचारलं. "खजिना बिजिना शोधतेस का? मिळाला तर निम्मा माझा. घोड्याचं भाडं वाढलंय."

"कागद बघायचेत."

"सव्वीस वर्षं पुसत होतीस, आता उकरायला लागलीस?"

पेटीत टोळीचे फोटो होते, पावत्या होत्या, आणि वहीतला फाडलेला एक कागद. बापाचं अक्षर. एक ते बारा आकडे, बारा नावं. बाराव्यावर निळ्या पेन्सिलीची जाड रेघ. रेघेखाली वाचता येत होतं: बोर्तोलो झुबानी. आणि कागदाच्या तळाशी, आकडा न घालता, तेच नाव पुन्हा लिहिलेलं होतं. तेही खोडलं होतं.

एकदा खोडलं असतं तर देल्फिनाला समजलं असतं. दारात रडणाऱ्या आया, तेव्हा जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा बाप, खोडलं. पण त्यानं ते परत लिहिलं होतं. म्हणजे त्याला कळलं होतं आपण काय केलंय ते, आणि कळूनही त्यानं पुन्हा पेन्सिल उचलली होती. मेज घट्ट धरून ती उभी राहिली. हाच बाप तिला फलकापुढे टोपी काढायला शिकवत होता.

तिनं ओत्तोरिनोला सगळं सांगितलं. आधी कागदाचं, मग कप्तानाचं. त्याचे विनोद थांबले. कागदाकडे बघता बघता त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले.

"जाळ हे," तो म्हणाला.

"नाही."

"देल्फी, बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. कोणाला काय पडलंय? आणि त्या भोकाचं तरी काय? बुजलेलं आहे, राहू दे बुजलेलं. मी काय तोंडानं घोड्यावर बसू?"

"नेहमीच्याच. दुसरं कुठून आणणार?"

हे ती भांडायला म्हणाली नव्हती, पण त्याला लागलं. तो उठून बाहेर गेला. नोएमीनं तो कागद एका पाकिटात घातला आणि देल्फिनाच्या हातात दिला.

---

दोत्तोरेस्सानं पत्रा तज्ज्ञांना दाखवला. त्यांनी क्ष-किरणांखाली घालून सांगितलं ते देल्फिनानं आधीच सांगितलं होतं: तोड्याच्या बंदुकीची गोळी, मागून, फार लांबून नाही. कप्तान वळला का होता, पळत होता, की कोणाला हाका मारत होता, की त्याच्याच बाजूच्या कोणाचा नेम चुकला, हे पत्रा सांगू शकत नाही, असंही त्यांनी लिहून दिलं. कथील काढायचं ठरलं. ते काम दोत्तोरेस्सानं देल्फिनाला दिलं. चार दिवस बारीक करवतीनं आणि हाडाच्या पट्टीनं तिनं मास्तरचं काम उसवलं. गोळा निघाला तो तिनं डबीत ठेवला आणि डबीवर लिहिलं: फेर्मो झुबानी, १९६१.

मग सभा घ्यावी लागली, कारण बातमी बेकरीपर्यंत पोचली होती. मे महिन्यात नगरपालिकेच्या सभागृहात माणसं दाराबाहेर उभी होती. दोत्तोरेस्सानं पडद्यावर फोटो दाखवले. मग एकदम सगळे बोलायला लागले. खाटीक म्हणाला, फ्रेंचांनी वेढा घालून मागून मारला असणार, लुच्चे लेकाचे. बेकरीवाली म्हणाली, म्हणजे आपण इतकी वर्षं पळपुट्याची मिरवणूक काढतोय. मागून कोणीतरी म्हणालं, मिलानच्या बाईला आमच्या गावाचं वाईटच दिसणार. महापौर म्हणाले, घाई नको, यंदाचा जुलै होऊन जाऊ दे, मग समिती नेमू.

देल्फिना उभी राहिली. ती आजवर कुठल्या सभेत बोलली नव्हती, आणि पहिली दोन वाक्यं कोणाला ऐकूच गेली नाहीत.

"मोठ्यानं," कोणीतरी म्हणालं.

तिनं पाकिटातला कागद काढला. "ही माझ्या बापानं केलेली यादी आहे. फलकाची. यात बारा नावं आहेत." तिनं बाराही वाचली. बारावं नाव ऐकल्यावर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, आणि त्यावरून तिला समजलं की त्यांना सगळं ठाऊक होतं. साठ वर्षं चौकातल्या बाकावर बसणाऱ्या या माणसांना ठाऊक होतं. "याला पाठीत गोळी लागली म्हणून काढून टाकलं. कप्तानालाही पाठीतच लागली आहे. त्याला आपण घोड्यावर बसवतो. मला यापुढे काही म्हणायचं नाही. एक तर दोघांना ठेवा, नाही तर दोघांना काढा."

मग खिडकीजवळून एक म्हातारी काठी टेकत उठली. सांतिना गाबुसी, पंच्याऐंशी वर्षांची; खालच्या झोपडीत मेलेल्या दोघांपैकी एकाची बहीण. गावात तिच्याशी कोणी वाद घालत नसे. देल्फिनाला वाटलं, आता ही आपल्याला झोडपणार.

"नाव माझ्या आईनं काढायला लावलं," सांतिना म्हणाली. "एजिदियोच्या दारात मी तिच्या शेजारी उभी होते. आईचा मुलगा गेला होता, तिला कोणीतरी जबाबदार हवं होतं. बोर्तोलो नसता तर तिनं देवाला धरलं असतं. पुढे तिला पश्चात्ताप झाला. मला म्हणाली, जाऊन सांग. मी गेले नाही. लाज वाटली." ती थांबली, दम घेतला. "एवढंच."

ती बसली. महापौर कागद इकडचे तिकडे करत राहिले. देल्फिनाला तेव्हा रडू आलं नाही. तिला फक्त बधिर झाल्यासारखं वाटत होतं, हातोडा चुकून बोटावर बसतो आणि दुखायला लागायच्या आधी जसं वाटतं तसं. दारापाशी ओत्तोरिनो उभा होता. तो तिच्याकडे न बघता निघून गेला, पण दुसऱ्या दिवशी नोएमीच्या हाती त्यानं बापाचे उरलेले कागद संग्रहालयात पाठवून दिले.

जुलैत मिरवणूक निघाली. ओत्तोरिनो घोड्यावर बसला. पुलावर पोचल्यावर दरवर्षी कप्तान तलवार उगारून आरोळी ठोकतो आणि लोक टाळ्या वाजवतात. त्या वर्षी तो पुलाच्या मध्यावर घोडा थांबवून नुसता उभा राहिला. लोकांना टाळी वाजवावी की नाही कळेना. काहींनी वाजवली. काही जणांनी त्याला त्यावरून महिनाभर टोमणे मारले. चिलखत प्रदर्शनाला गेलं, परत आलं, आणि आता ते भिंतीला पाठ लावून नाही, खोलीच्या मधोमध उभं असतं. माणसं त्याला वळसा घालून मागे जातात आणि तिथंच जास्त वेळ थांबतात.

फलकावर बारावं नाव कोरायला पालिकेनं दहा महिने घेतले. पुढच्या एप्रिलमध्ये ते झालं. देल्फिना मास्तरला चाकाच्या खुर्चीत बसवून चौकात घेऊन आली. मोजकी माणसं होती. पाद्री, महापौर, दोत्तोरेस्सा, सांतिना. देल्फिनाला धास्ती होती की म्हाताऱ्याला हे सोसेल की नाही. त्यानं खुर्ची दगडाच्या अगदी जवळ न्यायला लावली. सगळे त्याच्या बोलण्याची वाट बघत होते.

"खोल नाही कोरलंय," मास्तर म्हणाला.

पाथरवट बाजूलाच होता, त्याचा चेहरा पडला. "मास्तर, बाकीच्यांसारखंच कोरलंय."

"बाकीची सेहेचाळीस साली कोरलेली आहेत. साठ वर्षं पाऊस खाऊन इतकी उरलीत. तू आजच इतकं ठेवलंस, तर पुढे काय राहील?"

देल्फिनानं जवळ जाऊन अक्षरांच्या खोबणीत नख घातलं. तो खरं सांगत होता. पाथरवट पुटपुटत छिन्नी-हातोडा आणायला गेला. महापौरांना कुठेतरी जायचं होतं, ते गेले; पाद्रीही गेला. मास्तर म्हणाला, मी थांबतो. देल्फिना खुर्चीच्या शेजारी पायरीवर बसली, आणि दोघं दुपारपर्यंत बोर्तोलोचं एक एक अक्षर पुन्हा कोरलं जाताना बघत राहिली. मधून मधून मास्तर पाथरवटाला सांगत होता, हातोडा हलका, धार सरळ, घाई करू नको.